अंतर भागिले वेग, तरी वेळ का जुळत नाही

तुम्ही विचारलंत ना की दोन एअरपोर्टमधलं अंतर ताशी ९०० किमीने भागलं तरी तिकिटावरची वेळ जास्तच का दिसते, तर तिकिटावरची वेळ ही गेटपासून गेटपर्यंतची असते, म्हणजे रनवेपर्यंत जाणं, तिथे नंबर लागेपर्यंत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं सगळं त्यात आलं, आणि ९०० चा स्पीड फक्त वर पोचल्यावरच मिळतो. छोट्या फ्लाइटला म्हणूनच हा फरक जास्त जाणवतो.

शिवाय वेबसाइटवर दाखवतात ते ग्रेट सर्कल अंतर, पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं. विमान ठरलेल्या मार्गाने, बंद हवाई हद्द टाळत जातं, म्हणजे थोडं जास्तच उडतं.

आणि वारा! माझ्या मते लोक हेच विसरतात. लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५५४० किमी, जाताना ८ तासांच्या आसपास लागतात आणि येताना ७ च, कारण जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, येताना तो मागून ढकलतो.

हां, अजून एक, सुटायची आणि पोचायची वेळ त्या त्या शहराची लोकल असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करू नका, आधी टाइम झोनचा फरक काढा.