मदत हवी आहे : शर्यतीच्या जुन्या स्विफ्टचे ब्रेक थंड कसे ठेवावेत?

नमस्कार. आम्ही तिघे मित्र हौसेखातर एक जुनी स्विफ्ट कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पळवतो. पुढे व्हेंटिलेटेड (आत हवेसाठी फटी असलेल्या) डिस्क, मागे ड्रम, सगळे ब्रेक मूळचेच. सहाव्या-सातव्या फेरीपासून ब्रेकचे पेडल मऊ पडून खोल जाऊ लागते आणि गाडी थोडा वेळ उभी राहिली की बरेचसे पूर्ववत होते. पेडल टणक राहूनही गाडी थांबत नसती, तर दोष डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडचा मानला असता. येथे मात्र ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होत असावेत, असा आमचा कयास आहे. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस असला, तरी ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि आमचे ऑइल, कबूल करायला लाज वाटते, दीड वर्ष जुने आहे. ते बदलणार आहोतच.

खरा प्रश्न डिस्क थंड ठेवणाऱ्या हवेच्या नळीचा आहे. बंपरमधून आणलेली हवा डिस्कच्या मध्यभागी सोडली, तर फिरती डिस्क ती आतल्या फटींतून स्वतःच बाहेर फेकते. परंतु चाके पूर्ण वळल्यावरही नळी टायरला घासू नये, यासाठी ती कोठून न्यावी, आणि डिस्कमागचा संरक्षक पत्रा काढून टाकावा की त्यालाच नळीचे तोंड बसवावे? पॅडची उष्णता ऑइलपर्यंत कमी पोहोचावी म्हणून पॅड आणि त्याला ढकलणारा पिस्टन यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा कोणी घालून पाहिला असल्यास तोही अनुभव कृपया कळवावा.