यीस्टचं मेट१० जनुक बंद पडलं की कुजका वास वाढत नाही, जातो

"मेथिओनिन (गंधकयुक्त अमिनो आम्ल) बनवणारं कुठलंही जनुक बिघडलं की यीस्टला कुजक्या अंड्यासारखा वास येतो" असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धंच बरोबर. कुठली पायरी तुटली ते बघायला हवं. मेट१० सल्फाइट रिडक्टेज या विकराचं (एन्झाइमचं) अल्फा उपएकक बनवतं, मेट५ हे जनुक बीटा. दोन्ही मिळून सल्फाइटचं सल्फाइड करतात (कुजका वास याचाच), त्याला एनएडीपीएचचे (पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) ३ रेणू लागतात. मेट१० पूर्ण बंद, तर सल्फाइडच नाही, मग वास कुठला? फक्त मेथिओनिन बाहेरून द्यावं लागतं. वास वाढतो तो पुढची, सल्फाइड वापरून टाकणारी पायरी, म्हणजे मेट१७ (जुनं नाव मेट१५) गेल्यावर. शिसं घातलेल्या वाढ-माध्यमावर (सल्फाइडने शिसं काळं पडतं) बीवाय४७४१ या मेट१७ नसलेल्या प्रयोगशाळेतल्या यीस्टच्या वसाहती काळपट दिसतात त्या याचमुळे. आणि बिगी अगारवर (सल्फाइड बनवणारी वसाहत तपकिरी दिसते असं माध्यम) पांढरी वसाहत दिसली म्हणून लगेच मेट१० वर शिक्का नको. मेट५, किंवा सिरोहीम (याच रिडक्टेजला लागणारा सहघटक) बनवायला लागणारी मेट१, मेट८ गेली तरी तेच दिसतं.

वेंगुर्ल्याकडे काजूच्या बोंडांची वाइन लावणाऱ्यांना जनुकात हात घालायची गरजच नाही. रसातला नायट्रोजन संपला तरी रिडक्टेज चालूच राहतं, पण सल्फाइडला पकडणारा ओ-ॲसिटिलहोमोसेरिन हा रेणू कमी पडतो आणि सल्फाइड वासाचा वायू होऊन सुटतं. लिटरला पाव ग्रॅम खाद्य दर्जाचं डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टला नायट्रोजन देणारं) घाला (खताच्या पोत्यातलं नव्हे!), तेही एक तृतीयांश साखर संपायच्या आत, नंतर अल्कोहोल चढल्यावर यीस्ट ते नीट उचलत नाही. तरीही वास राहिला तर पँटोथेनेटची (जीवनसत्त्व ब५) कमतरता तपासा, कारण ओ-ॲसिटिलहोमोसेरिनमधला ॲसिटिल गट लावायला कोएन्झाइम-ए लागतं आणि ते पँटोथेनेटपासून बनतं.