गळ टाकायला जाताना कॅमेरा हवाच का?

मालाडचा गळवाला: १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदुकीची शिकार बंद झाली. त्यामुळे टोळीने शिकारीला जायची हौस आम्ही गळावरच भागवतो. मार्वेहून बोट पकडायची, मनोरीच्या खाडीवर जागा धरायची, डबे वाटून खायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतायचं. मजा त्यातच होती. आता ग्रुपमधल्या एकाने चॅनल काढलंय. मासा लागला की "जाळी आण" ऐवजी पहिली हाक येते, "थांब, रेकॉर्डिंग चालू आहे का?" आवाज जाईल म्हणून साहेबाला शिव्या घालायची सोय उरली नाही. सबंध भरती ज्याला काही लागलं नाही, तो पूर्वी दिवसभर सगळ्यांच्या थट्टेचा धनी असायचा. आता तो व्हिडिओत दिसतच नाही. मी बहुधा तोच असतो, ते सोडा.

उत्तनकर: कॅमेऱ्याआधी काय कमी नाटकं होती? वीतभर शिंगाळा लोकल बोरिवलीला पोहोचेपर्यंत हातभर व्हायचा! आता जेवढा तेवढाच दिसतो, हेच खुपतंय. शिवाय जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा मारला की अंडी देणारी मादीच गेली. तो परत सोडताना दाखवला तर नवी पोरं तेच शिकतात. हे भाषण देऊन होत नाही.

मालाडचा गळवाला: सोडतात खरं, पण कधी? चार बाजूंनी शूट झाल्यावर! पाण्याबाहेर कल्ले एकमेकांना चिकटतात, माशाला श्वास घेता येत नाही. हात ओले करा, पाण्यातच गळ काढा, सोडून द्या. यात थंबनेल मिळत नाही, एवढीच अडचण.

खाडीपलीकडची: माझा अनुभव उलटा आहे. पूर्वी माझ्या गळाला जड काही लागलं की दोघं-तिघं धावायचे, "द्या ताई, तुम्हाला झेपणार नाही." कॅमेरा चालू असला की कुणी रॉडला हात लावत नाही. कमेंटमध्ये लोक धुतील ना! "जरा हसा ताई" सुरू होतं तेव्हा वैताग येतो, पण मासा माझा मीच ओढते. मला कॅमेरा चालेल.

मालाडचा गळवाला: ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण मग गप्पांचं काय?

नुसता वाचक: गप्पा राहू द्या, जागेचं बोला. एका व्हिडिओत मागची जेट्टी ओळखू आली आणि पुढच्या रविवारी उभं राहायला जागा नाही. उधाणाला गढूळ पाण्यातसुद्धा जत्रा.

उत्तनकर: जागा तुमच्या मालकीची कधीपासून झाली? तिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी लावणारे कोळी आहेत. आपण सगळे रविवारचे पाहुणे. त्यांना विचारलंत का कधी?

मालाडचा गळवाला: विचारलं. नाखवा म्हणाले, माणसं चालतील, पण ते डोक्यावर भुणभुणणारं नको.

उत्तनकर: ड्रोन घरी ठेवतो. येत्या अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरतीला, पाणी निवळलेलं असेल, तेव्हा या. छोटा कॅमेरा मात्र आणणार. शिव्या म्यूट करून देईन, साहेबाच्या नावासकट.