‘ट्रॅश’: तीन पोरे, एक पाकीट आणि आपले आक्षेप

अर्धा पडदा: स्टीफन डाल्ड्री यांच्या ‘ट्रॅश’ (2014) या चित्रपटाची काल येथे ‘गोऱ्यांनी भरवलेले दारिद्र्याचे प्रदर्शन’ अशा एका ओळीत वासलात लावली गेली, म्हणून हा धागा काढावा लागला. रिओच्या कचराडेपोवर पाकीट सापडते, पोलीस बक्षीस जाहीर करतात आणि ते सापडलेला पोरगा राफाएल तोंड उघडत नाही. पुढचे सगळे या एका निर्णयातून घडते. पोलीस त्याला गाडीत कोंबून अर्धमेला करतात, तरीही तो बधत नाही. यात प्रदर्शन कोठे दिसले?

कोरडा पाषाण: मार्टिन शीनचा पाद्री आणि रूनी माराची शिक्षिका नसत्या, तर पाश्चात्त्य प्रेक्षक फिरकला असता का? अँडी मुलिगन यांच्या मूळ कादंबरीत देशाचे नावही नाही. आज रिओ, उद्या देवनार. उकिरडा मिळाल्याशी कारण.

मागची रांग: माझा आक्षेप वेगळाच आहे. रिओजवळचा जार्दिम ग्रामाशो हा अवाढव्य डेपो 2012 मध्ये बंद झाला. तेथील कचरावेचकांची संघटना आणि तिचा नेता तियाव सान्तोस ‘वेस्ट लँड’ (2010) या माहितीपटात दिसतात. ‘ट्रॅश’मध्ये मात्र संघटनेचा मागमूसही नाही आणि लाचखोर राजकारण्याचे आडनाव नेमके सान्तोस! आपल्याकडे पुण्यातही कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 पासून उभी आहे.

अर्धा पडदा: आली पंचायत! मागे पोलीस लागलेल्या चौदा वर्षांच्या पोराने आधी अध्यक्षांकडे अर्ज करायचा होता काय?

मागची रांग: टिंगल करणे सोपे आहे. माझ्या आईची सोन्याची कुडी ओल्या कचऱ्यात गेली, ती आमच्याकडे येणाऱ्या कचरावेचक ताईंनी शोधून आणून दिली, आणि आमच्या सुशिक्षित सोसायटीने पहिली झडती घेतली ती त्यांचीच. त्यांच्याकडे संघटनेचे ओळखपत्र होते, म्हणून प्रकरण चौकीपर्यंत गेले नाही. राफाएलकडे असे काय होते?

कोरडा पाषाण: झडतीचा प्रसंग लाजिरवाणा आहेच, पण त्याने चित्रपटाचा शेवट सुधारत नाही. त्या राजकारण्याचा भ्रष्टाचाराचा पैसा डेपोवर उधळला की प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जायला मोकळा.

अर्धा पडदा: शेवट भाबडा आहे, घ्या, मान्य केले. तुरुंगातल्या म्हाताऱ्यासाठी राफाएलचा दोस्त गार्दो अख्खे पत्र तोंडपाठ करून जातो, तो प्रसंग पाहण्याआधीच तुम्ही उठला होतात, एवढे तुम्हीही मान्य करा.

कोरडा पाषाण: उठलो नव्हतो. तो प्रसंग चांगला आहे. पाद्री तरीही नको होता.