कार्यालयातला संगणक काढायचा की ठेवायचा? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-३०२, सचिव
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या कार्यालयातला डेस्कटॉप २०१६ साली घेतलेला आहे. त्यावरच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ ला ज्या पिढीचा प्रोसेसर लागतो तो या यंत्रात नसल्याने ती प्रणाली त्यावर रीतसर टाकता येत नाही. कार्यकारिणीतल्या दोन सदस्यांचे म्हणणे असे आहे की नवीन संगणकावर खर्च करण्यापेक्षा मेंटेनन्सच्या पावत्या, नोटिसा, हिशेब आणि इतिवृत्ते हे सारे यापुढे फोनवरूनच करावे, कारण फोन प्रत्येकाकडे आहे आणि तो कायम सोबत असतो. रविवारच्या सभेआधी आपापले मत येथे सविस्तर लिहावे. शुभेच्छांचे आणि फॉरवर्ड केलेले संदेश तोपर्यंत कृपया थांबवावेत.

अ-१०१
सचिवसाहेब, मी फोनच्या बाजूने लिहिते आहे, आणि हा संदेशही मी फोनला बोलून लिहिलेला आहे. हाताने केवळ विरामचिन्हे नीट केली. गूगलवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ साली आली. संधिवाताने ज्यांची बोटे आखडली आहेत आणि एकेक जोडाक्षर शोधताना ज्यांचा धीर सुटतो, त्यांना त्या सोयीने पुन्हा लिहिते केले आहे, हे मी स्वतःवरून सांगते. माझ्याकडेही संगणक होता. मुलाने बंगळूरला जाताना तो आतल्या खोलीत मांडून दिला, परंतु त्या खोलीत कूलर नसल्याने मार्च ते जून तिकडे कोणी फिरकत नसे, आणि पावसाळ्यात धूळ झटकून तो सुरू केला की अपडेटसाठी वाट पाहण्यातच माझी दुपार जात असे.

निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे येथील ज्येष्ठांना माहीत आहे. जीवन प्रमाण ही सोय २०१४ साली आली तेव्हा मला संगणकाला जोडलेल्या यंत्रावर बोट टेकवावे लागे, आणि आयुष्यभर खडू धरून व भांडी घासून माझ्या अंगठ्यावरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की ते यंत्र मला ओळखतच नसे. अंगठा पुसा, पुन्हा ठेवा, आता दुसरे बोट ठेवा, असे करता करता एका वर्षी माझ्यामागची रांग दारापर्यंत गेली आणि मला फार ओशाळल्यासारखे झाले. नोव्हेंबर २०२१ पासून हाच दाखला फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून देता येऊ लागला. मी खिडकीजवळ खुर्ची ओढते, सुनेने सांगितल्याप्रमाणे डोळे मिचकावते, आणि काम घरच्या घरी होते. यूपीआय तर मुळातच फोनसाठी घडवलेले आहे. त्याची नोंदणी फोनमधल्या सिमवरून जाणाऱ्या संदेशाने होते. वीजबिल, पाणीबिल, औषधे, नातवाचे तोंड पाहणे, यांपैकी एकाही कामासाठी मला टेबलाशी जाऊन बसावे लागत नाही. तेव्हा सोसायटीलाच ते टेबल कशाला हवे, हे कोणी समजावून सांगितल्यास मी ऐकेन.

क-२०४, खजिनदार
काकू, तुमचा एकही मुद्दा खोडावा असे मला वाटत नाही. तरीही गेल्या वर्षी माझ्या हातून जे घडले ते मला लिहिले पाहिजे, कारण त्याचा मनस्ताप येथल्याच एका कुटुंबाला झाला. ऑगस्टमध्ये कार्यालयातला संगणक दुरुस्तीला गेला होता, म्हणून आपल्या ४८ सदनिकांचा मेंटेनन्सचा तक्ता मी तीन आठवडे फोनवर भरला. त्या तक्त्यात डावीकडे सदनिका क्रमांक आणि पुढे एप्रिल ते मार्च असे बारा स्तंभ आहेत. वाचता येईल एवढे अक्षर ठेवले तर फोनवर एका वेळी जेमतेम चार स्तंभ मावतात, त्यामुळे ऑगस्टपर्यंत पोचेस्तोवर सदनिका क्रमांक पडद्याबाहेर गेलेला असे. मी अंदाजाने ओळ धरली, अंगठा टेकवला, आणि क-३०३ ची रक्कम एक ओळ वर, क-३०२ समोर पडली. ज्यांनी ५ तारखेलाच पैसे भरले होते त्यांना महिनाअखेरीस थकबाकीची नोटीस गेली, तीही सूचनाफलकावर लागली. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि त्यांनी मोठ्या मनाने ती केली, पण फलकावर चार दिवस वाचले गेलेले नाव कसे पुसणार? पहिला स्तंभ जागेवर गोठवून ठेवण्याची सोय फोनवरही आहे, असे मला नंतर समजले. मात्र तो गोठवल्यावर उरलेल्या जागेत आणखी कमी महिने दिसतात.

६.५ इंची फोन आणि २४ इंची मॉनिटर यांत चौपटीहूनही कमी फरक असल्यासारखे वाटते, कारण ते माप कर्णाचे असते. क्षेत्रफळ काढून पाहिले तर मॉनिटर फोनच्या सुमारे पंधरापट भरतो. ऑडिटर बँकेचे विवरणपत्र, पावतीपुस्तक आणि तक्ता शेजारी शेजारी मांडून प्रश्न विचारतात, तेव्हा ही पंधरापट जागा पुरी पडते आणि फोनवर एकातून दुसऱ्यात ये-जा करताना मधला आकडा डोक्यातून निसटतो.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. फोन माझा आहे. त्यात माझ्या मुलीचे फोटो आहेत, माझे बँक खाते आहे, आणि तो रात्री माझ्या उशाशी असतो. ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातल्या सभासद नोंदवह्या आपण कोणाच्याही घरी राहू देत नाही. मग ४८ कुटुंबांचा हिशेब एका माणसाच्या खिशात का ठेवायचा? माझी मुदत संपली, फोन हरवला किंवा मी नागपूर सोडले, तर पुढच्या खजिनदाराने काय मागावे, माझा फोन? कार्यालयातला संगणक माणसागणिक बदलत नाही. तो जागेचा असतो आणि त्याची किल्ली हाती देता येते.

अ-४०२
मी वीज विभागातून निवृत्त झालो असल्याने फोनच्या बाजूचा एक हिशेब मांडतो. साधारण ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते, आणि तेवढ्यावर फोन दिवसभर चालतो. मॉनिटरसह १०० वॅट घेणारा डेस्कटॉप तेवढ्याच ऊर्जेवर बारा मिनिटेही टिकणार नाही. जूनमधल्या पहिल्या वादळात वीज गेली की कार्यालयात अर्धवट टाइप केलेली नोटीस जाते, फोनवरची राहते. परंतु मे महिन्याचे काय, हेही सांगितले पाहिजे. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही सभोवतालच्या हवेची मर्यादा दिली आहे, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. फोनला पंखा नसतो. तापल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो, पडदा मंद करतो आणि चार्जिंगही थांबवतो. टाकीजवळ उभे राहून टँकरच्या नोंदी करताना माझ्या फोनने हे सारे केलेले आहे.

ब-१०३
मी प्रतापनगरात २६ वर्षे टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली, म्हणून मला या विषयावर थोडे विस्ताराने लिहू द्यावे.

आपली जुनी इतिवृत्ते कोणी फोनवर उघडून पाहिली आहेत काय? मी काल पाहिली. ‘सभेची सुरुवात’ असे जेथे असायला हवे तेथे इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची निरर्थक रांग दिसते. फाइल बिघडलेली नाही. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवीत असत. ज्या यंत्रावर तो फॉन्ट आहे तेथेच मराठी दिसे, आणि फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडत. युनिकोड या जगभर मान्य अक्षर-संकेतात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे; ‘क’ चा क्रमांक २३२५ हा फोनवर, संगणकावर, कोठेही तोच राहतो. ते जुने फॉन्ट फक्त कार्यालयातल्या या एका संगणकात आहेत. तो भंगारात दिला तर इमारतीच्या गळतीबद्दल बिल्डरशी काय ठरले होते, पार्किंगचे वाटप कोणत्या ठरावाने झाले, हे सारे वाचण्याची सहज वाट बंद होईल. आधी ती इतिवृत्ते युनिकोडमध्ये आणली पाहिजेत, आणि परिवर्तकाने बदललेले प्रत्येक पान मुळाशी ताडून पाहिले पाहिजे, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. असे काम दोन खिडक्या शेजारी उघडूनच होते.

आता लिहिण्याविषयी. कळफलकावर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. तर्जन्या तेथे टेकल्या की बाकीची बोटे आपापल्या जागी जातात आणि डोळे कागदावर मोकळे राहतात. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलक-रचनेत स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला आहेत, त्यामुळे मराठी लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात, जसे जात्यावर दोघींचे चालतात. शासनमान्य संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला ३० शब्दांची पहिली पायरी आहे, आणि साधारण मुलगी सहा महिन्यांत ती गाठते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. काचेवर उंचवटा नसतो, म्हणून फोनवर प्रत्येक अक्षरासाठी बोटाकडे पाहावे लागते. अ-१०१ च्या ताईंनी सांगितलेले बोलून लिहिणे मलाही आवडते, आणि त्याला वेगात मी हरवू शकत नाही. परंतु सभा चालू असताना, आठ माणसे बोलत असताना, ठरावाचा मसुदा फोनला सांगता येत नाही. आणि ‘सभासद’ की ‘सहसभासद’ यावर उद्या हक्क अवलंबून असेल तर तो शब्द बोटांनीच लिहिलेला बरा.

क-३०१
आमच्या मुलीचा अनुभव लिहिते, कारण येथे दहावी-बारावीची बरीच मुले आहेत. ती आठवीपासून फोनवरच शिकली. शंका विचारणे, व्हिडिओ थांबवून पुन्हा पाहणे, वहीच्या पानाचा फोटो पाठवणे यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण जेईई मेन २०१९ पासून संगणकावर होते, आणि आकडी उत्तर तेथे की-बोर्डने नव्हे तर पडद्यावरच्या आकड्यांवर माउसने टिचक्या देऊन भरावे लागते. पहिल्या सराव परीक्षेत तिने उत्तर काढले आणि नकळत बोट थेट मॉनिटरवर टेकवले. मग दशांश चिन्ह शोधण्यात आणि चुकलेला आकडा पुसण्यात तिचा वेळ गेला, आणि घरी आल्यावर ती रडली. कार्यालयात संगणक राहणार असेल तर तो संध्याकाळी तासभर, हिशेबाच्या फाइलींना कुलूप लावून, मुलांना सरावासाठी मिळावा अशी माझी विनंती आहे.

अ-१०१
माझे उत्तर मला मिळाले. क-३०३ च्या घरी त्या दिवशी मी बसले होते, तो प्रसंग मला आठवतो. माझा विरोध मी मागे घेते, परंतु पावती फोनवरच यावी हा आग्रह कायम ठेवते. कार्यालय साडेसहाला उघडते आणि दोन जिने उतरून जाण्याइतके गुडघे माझे राहिलेले नाहीत.

ब-४०१
मी मिहान या नागपूरच्या उद्योग-वसाहतीत संगणकाच्याच क्षेत्रात काम करतो, तेव्हा खर्चाबद्दल सांगतो. डेस्कटॉपचा लाभ असा की त्याचे भाग सुटे असतात. आपला मॉनिटर, की-बोर्ड, माउस आणि प्रिंटर उत्तम स्थितीत आहेत. बदलायची आहे ती केवळ सीपीयूची पेटी. फोनमध्ये मेमरी आणि साठवण पाटीवरच डकवलेली असल्याने त्यांपैकी एक भाग जुना झाला की सारा फोनच बदलावा लागतो. जुनी पेटीही फेकू नये. तिचे इंटरनेट काढून टाकावे आणि ब-१०३ च्या काकांना इतिवृत्तांच्या कामासाठी द्यावी. जुने फॉन्ट तेथे आहेत आणि नेट नसल्यावर अपडेट नसल्याची चिंताही फारशी उरत नाही. ते काम संपल्यावर तिच्यात एसएसडी ही वेगवान साठवण बसवून लिनक्स ही विनामूल्य प्रणाली टाकू आणि ती मुलांच्या सरावाला ठेवू. हिशेबासाठी लिब्रे ऑफिस विनामूल्य मिळते.

एक सूचना सर्वांना. पावतीचा फोटो ग्रुपवर साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो आकसून टाकते आणि बारीक आकडे पुसट होतात. कृपया डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

क-२०४, खजिनदार
काकू, पावती तुम्हाला फोनवरच मिळेल. पैसे यूपीआयने घ्यायचे, टँकरच्या पावतीचा फोटो रखवालदाराने गेटवरच काढायचा, हे फोनचे काम फोनकडेच राहू दे. तक्त्यातली नोंद मी दर शनिवारी कार्यालयात बसून करीन, त्याच वेळी पावतीची पीडीएफ निघेल, आणि तक्त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात नोंदवह्यांशेजारी ठेवीन.

ब-३०२, सचिव
सर्वांचे आभार. रविवारच्या सभेपुढे ठराव असा ठेवतो: कार्यालयासाठी केवळ नवीन सीपीयूची पेटी घ्यावी, त्यासाठी बर्डीच्या बाजारातून तीन कोटेशन मागवावीत, जुनी पेटी जुन्या इतिवृत्तांच्या रूपांतरासाठी राखावी, रूपांतर पूर्ण झाल्याची नोंद सभेत वाचून होईपर्यंत ती हलवू नये, आणि त्यानंतर संध्याकाळी सात ते आठ ती विद्यार्थ्यांना द्यावी. ब-१०३ च्या काकांसोबत मूळ पाने वाचून दाखवायला रोज एक जण लागेल. आपापला वार येथेच कळवावा. सोमवार मी घेतो.

क-३०३
मंगळवारी मी येईन.