मदत हवी आहे: नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीचा गोंधळ (एफवाय बीएस्सी)

नमस्कार. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता एफवायला रसायनशास्त्र घेतलंय. लेक्चर कसंबसं कळतं, प्रॅक्टिकलच्या गणिताला मात्र अडते.

परवा ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन (एका द्रावणावरून दुसऱ्याची तीव्रता काढणं) होतं. फ्लास्कमध्ये ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड १० मिली, सल्फ्युरिक ॲसिड घालून गरम केलं. फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा ब्युरेटमधल्या परमँगनेटचं रीडिंग ९.८ मिली. मी परमँगनेटची मोलॅरिटी (एका लिटरमध्ये किती मोल) काढायला सरळ M₁V₁ = M₂V₂ लावलं, उत्तर ०.०५१ आलं. मैत्रिणीने नॉर्मॅलिटीने (एका लिटरमध्ये किती सममूल्य भार) केलं: ऑक्झॅलिक ०.०५ × २ = ०.१ नॉर्मल, म्हणून ०.१ × १० ÷ ९.८, म्हणजे ०.१०२ नॉर्मल, ५ ने भागून ०.०२०४ मोलर. तिचं बरोबर निघालं.

समीकरणात २ परमँगनेटला ५ ऑक्झॅलेट लागतात, म्हणून माझं उत्तर २/५ ने गुणायला हवं होतं, एवढं आता कळलं. पण ऑक्झॅलिकचा सममूल्य भार (equivalent weight) काढताना त्याच्या रेणूभाराला, १२६ ला, २ ने भागायचं आणि परमँगनेटला ५ ने, हे २ आणि ५ प्रत्येक वेळी कुठून शोधायचे? पाठ करायचं नाहीये, मनापासून समजून घ्यायचंय. इलेक्ट्रॉन मोजायची पद्धत कुणी मराठीतून पायरीपायरीने सांगाल का? पुढच्या आठवड्यात मोहर मीठ (Mohr's salt, फेरस अमोनियम सल्फेट) आहे.