मदत हवी आहे: कंबरेच्या गोळीने बाबांना चक्कर, दुसरी कुठली गोळी चालेल?

लूमघर_सोलापूर:
बाबा ६४ वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात आयुष्य गेलं, अजून अर्धी पाळी करतात. गेल्या आठवड्यात लूमचा बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) उचलताना कंबरेत उसण भरली, डॉक्टरांनी मसल रिलॅक्संट, म्हणजे स्नायू सैल करायची गोळी दिली, पहिले दोन दिवस एकदम छान. परवापासून मात्र गोळी घेतली की तासाभरात तोंड कोरडं पडतं, डोळे मिटायला लागतात आणि उठून उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी. आज सकाळी संडासच्या दारात भिंत धरून खालीच बसले, मी धरलं म्हणून बरं. कमी त्रासाची दुसरी गोळी सांगा की लवकर, रात्री आठला पुढची द्यायचीय.

पेठेतला_केमिस्ट:
गोळीचं नाव? मसल रिलॅक्संट म्हणजे दहा प्रकार असतात. पट्टीच्या मागं बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते टाका.

भवानीपेठ_मावशी:
अहो गोळ्या कशाला, आमच्या ह्यांना उसण भरली की कोमट महानारायण तेल आणि वर विटेचा शेक, तीन दिवसांत उभे राहतात. पोटात एवढी औषधं घालू नका रे बाळा.

लूमघर_सोलापूर:
मावशी शेक चालूच आहे. पट्टी फाटलीय, "झानिडीन २ मिग्रॅ" एवढं दिसतंय, शिवाय अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सकाळ-रात्र.

गुडघेदुखी_५०:
मला थायोकोल्चिकोसाईडने लई गुण आला, झोप अजिबात येत नाही, तीच द्या. वनस्पतीपासून बनते, आपल्या कळलावीपासून, त्यामुळं भीती नाही.

फिजिओ_सातरस्ता:
वनस्पतीपासून म्हणजे निर्धोक असं कोणी सांगितलं? कळलावी खाऊन माणसं दगावतात. थायोकोल्चिकोसाईडवर २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी मर्यादा घातली, तोंडावाटे जास्तीत जास्त ७ दिवस आणि गरोदरपणात अजिबात नाही, कारण शरीरात तिचं जे रूपांतर होतं ते पेशींच्या गुणसूत्रांना बाधू शकतं. दुसऱ्याच्या वडिलांना अशी गोळी सुचवू नका.

गुडघेदुखी_५०:
मी माझा अनुभव सांगितला, मी दोन महिने घेतली, काही झालं नाही.

फिजिओ_सातरस्ता:
दोन महिने?? आधी तुमच्याच डॉक्टरांना विचारा.

पेठेतला_केमिस्ट:
भांडू नका, त्यांना आठच्या आत उत्तर हवंय. ती टिझानिडीन आहे. लोकांना वाटतं गोळी कंबरेच्या स्नायूवर जाऊन बसते, तसं नाही. ती मज्जारज्जूत काम करते, स्नायू आवळ असा जो निरोप मज्जातंतूंतून जातो तो कमी करते. पण ती मज्जातंतूंवरच्या ज्या अल्फा-२ नावाच्या जागांवर बसते त्याच जागांवर क्लोनिडीन नावाचं बीपीचं औषध बसतं, दोघी बहिणी म्हणा. म्हणून बीपी उतरतं, तोंड कोरडं पडतं, गुंगी येते. तरी २ मिग्रॅ हा लहान डोस आहे, अर्धा असर अडीच तासांत संपतो, त्याने माणूस खाली बसावा हे मला पटत नाही. बीपीची गोळी चालू आहे का?

लूमघर_सोलापूर:
हो अ‍ॅम्लोडिपिन ५, सहा वर्षं झाली. ती नेहमीचीच म्हणून लिहिली नाही.

आईची_लेक:
माझ्या आईला पक्षाघातानंतर बॅक्लोफेन आहे, तीही स्नायू सैल करायचीच गोळी, पण ती एकदम बंद करायची नाही, झटके येऊ शकतात, हळूहळू कमी करायची. आणि किडनी अधू असेल तर डोस कमी लागतो, हे पण बघा.

विडीघरकूल_अण्णा:
मला तर हा उन्हाचा त्रास वाटतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी लूम चालवायची म्हणजे काय असतं ते आम्हाला विचारा. या वयात बीम उचलायला लावतात, हाताखाली पोरगं मिळत नाही आता, नवीन पोरं या धंद्यात येईनात.

वॉर्ड_सिस्टर:
अण्णा ते खरं आहे पण ऊन काय परवाच सुरू झालं का? दादा तुम्ही लिहिलंय पहिले दोन दिवस छान, परवापासून त्रास. मग परवा नवीन काय घेतलं? दुसऱ्या डॉक्टरांकडं गेला होतात का?

लूमघर_सोलापूर:
हो, लघवीला जळजळ होत होती म्हणून घराजवळच्या डॉक्टरांकडं नेलं. अँटिबायोटिक दिलंय, सिप्रोफ्लॉक्सासिन ५००, दोन वेळा. पण त्याचा कंबरेशी काय संबंध?

पेठेतला_केमिस्ट:
सगळा संबंध तिथंच आहे! या दोन गोळ्या एकत्र चालतच नाहीत. टिझानिडीन लिव्हरमधल्या एका एन्झाइमने मोडते, सीवायपी-१ए२ म्हणतात त्याला, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं तेच अडवतं. मग टिझानिडीन रक्तात साधारण दहापट साचते, म्हणजे तुम्ही २ देताय आणि अंगाला २० दिल्यासारखं होतंय, वर अ‍ॅम्लोडिपिन आहेच. आठची कंबरेची गोळी देऊ नका. अँटिबायोटिक मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना आत्ता फोन लावा आणि एकाला दुसऱ्याची गोळी नावासकट सांगा.

वॉर्ड_सिस्टर:
आणि बीपी मोजा, आत्ता. उभं करून मोजू नका, पडतील. वरचा आकडा ९० च्या खाली असेल, नाडी फार सावकाश असेल किंवा हाक मारून नीट जागे होत नसतील तर फोनची वाट बघू नका, सरळ दवाखाना. झोपवून ठेवा, पाय उशीवर.

भवानीपेठ_मावशी:
काय झालं रे बाळा, कळव.

लूमघर_सोलापूर:
शेजारच्या काकूंच्या मशीनवर ८८/५६ आलं. कंबरेच्या डॉक्टरांचा फोन लागला, त्यांना अँटिबायोटिकचं माहीतच नव्हतं, आम्ही सांगितलंच नव्हतं. ती गोळी बंद करून लगेच घेऊन या म्हणाले. रिक्षा दारात आलीय, तिन्ही पट्ट्या खिशात घेतल्यात, फाटलेली पण. बाबा बोलतायत नीट, पाणी मागितलं आत्ता.